केडगावची भिस्त

मराठी मंडळ्यांमध्ये एखाद्या सुवार्तिकाची ओळख करून देताना अजूनही एक वाक्य कानावर येतं : ‘हे विश्वासावर काम करतात.’ बाहेरच्याला वाटेल, यात सांगण्यासारखं काय? विश्वास नसता तर हा माणूस बायबल काखेत घेऊन गावोगाव कशाला फिरला असता? पण मंडळीच्या बोलीत त्याचा अर्थ नेमका आहे. या माणसाला कोणत्याही मिशनचा पगार नाही. पुढच्या महिन्याचा किराणा कुठून येणार, हे त्याला ठाऊक नाही आणि तो कोणाकडे मागणारही नाही. देव पुरवील, या भिस्तीवर त्याचं घर चालतं. (ऐकणारे मुकाट्याने खिशात हात घालतात, हा भाग वेगळा.) ही रीत आपल्याकडे आली कशी, हे पाहायचं तर आधी पगाराचीच गोष्ट सांगावी लागते.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नकोच होते आणि त्यांना परत धाडण्याचे हुकूमही निघाले होते. ते कसेबसे टिकले, मराठी शिकले, रस्त्यांत आणि बाजारांत बोलू लागले. ऐकायला माणसं जमत, वादही घालत. पण बाप्तिस्मा घेणारं कोणी पुढे येईना. हॉल 1826च्या मार्चमध्ये नाशिकच्या बाजूला प्रचाराच्या फेरीवर असताना पटकीने गेला. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून बाहेर पडला. बोस्टनच्या ज्या मंडळाने त्याला पाठवलं होतं ते दरवर्षी पैसे पाठवी आणि अहवाल मागवी. फळ दिसत नसलेल्या कामाचा अहवाल काय लिहायचा? अशा वेळी मिशनरी पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्राकडे वळत. आपण लावायचं, दुसऱ्याने पाणी घालायचं, वाढवणारा देव. सुवार्ता सांगताना देवावर भिस्त ठेवायची, तिचा पहिला अर्थ हा. परिणाम आपल्या हातात नाही, हे मान्य करणं.

दुसरा अर्थ पोटाचा आहे आणि तो मराठी माणसाला जास्त बोचला. एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला घरदार, वाडा, वतनातला वाटा, स्वयंपाकघर, सगळ्यातून बाहेर पडावं लागे. 1850च्या कायद्याने धर्म बदलला तरी वारसाहक्क जात नाही असं ठरलं खरं, पण कायद्याने काही पंगतीत पाट मांडला जात नाही. मग त्याला काम कोण देणार? मिशनच देणार : शाळेत पंतोजी, छापखान्यात जुळारी किंवा गावोगाव फिरणारा उपदेशक. बायकांसाठी ‘बायबलबाई’. आणि पगार सुरू झाला की गावात लगेच बोललं जाई, ‘पोटासाठी बाटले.’ उपदेशकाने चौकात तोंड उघडलं की हाच टोमणा. तू सांगतोस ते खरं म्हणून सांगतोस, की महिनाकाठी रुपये मिळतात म्हणून? याला उत्तर देणं अवघड होतं, कारण मिळत होतेच.

गंमत अशी की दोन्ही बाजूंना मत्तयाच्या शुभवर्तमानातला दहावा अध्यायच हाताशी होता. कमरकशात सोनं, रुपं, तांबं घेऊ नका, असं येशू शिष्यांना सांगतो. आणि त्याच दमात म्हणतो की कामकऱ्याला त्याचं पोषण मिळणं योग्यच आहे. पगाराच्या बाजूचे दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवत, बिनपगारी पहिल्यावर.

बिनपगारीची आधुनिक परंपरा सुरू झाली ती इंग्लंडात. एक्झेटरचा दंतवैद्य अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज भरभराटीतला व्यवसाय सोडून, मागे कुठल्याही मंडळाचा पाठिंबा न घेता बगदादला गेला आणि 1833मध्ये हिंदुस्थानात आला. त्याची बहीण मेरी ज्याला दिली होती तो प्रशियातून आलेला जॉर्ज म्युलर. म्युलरने 1830मध्ये आपल्या मंडळीकडून ठरलेला पगार घेणं बंद केलं आणि 1836मध्ये ब्रिस्टलला अनाथालय काढलं. नियम साधा : गरज देवापुढे मांडायची, माणसांपुढे हात पसरायचा नाही. पुढे अ‍ॅशली डाउनवर पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. दोन हजारांवर मुलांची सोय तिथे होती आणि त्याच्या हयातीत दहा हजारांच्या आसपास मुलं तिथून वाढून गेली. म्युलर हिशेब मात्र पै-पैचा ठेवी आणि दरवर्षी छापी. मागायचं नाही पण सांगायचं, या दोहोंमधली रेघ किती बारीक आहे हे त्याचे टीकाकार दाखवत आले आहेत, आणि मला वाटतं त्यात तथ्य आहे. तरी रात्रीच्या दुधाची सोय नसताना प्रार्थनेला बसणं ही अहवाल लिहिण्याइतकी सोपी गोष्ट नव्हे. त्याचंच पाहून हडसन टेलरने 1865मध्ये चायना इनलँड मिशन काढलं : कर्ज नाही, वर्गणीची हाक नाही, पगाराची हमी नाही.

म्युलर आणि टेलर यांच्या कामाची पुस्तकं पुण्यात एका बाईच्या हाती पडली. ती बाई पंडिता रमाबाई.

रमाबाईंकडे ही कल्पना कोऱ्या पाटीवर आली नव्हती, हे सहसा सांगितलं जात नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. देवळात, घाटावर पुराण सांगायचं आणि श्रोते जे ठेवतील (फळं, धान्य, पैसे) त्यावर कुटुंबाने जगायचं. कोणापुढे तोंड वेंगाडायचं नाही. म्हणजे देवाचं सांगावं आणि देवाच्या भरवशावर जगावं ही वृत्ती त्या घरात तीर्थयात्रेबरोबर चालत होती. मग दुष्काळ आला. 1874च्या सुमारास वडील, आई, मोठी बहीण एकामागून एक उपासमारीने गेली. व्रतं झाली, अनुष्ठानं झाली, होतं ते दानात गेलं आणि काहीच घडलं नाही. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवत 1878मध्ये कलकत्त्याला पोचले. पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हटलं, पण आतला भरवसा तोवर मोडला होता.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे : विवाह, वैधव्य, पुण्यातला आर्य महिला समाज, इंग्लंड, 1883मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा, अमेरिका. 1889च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा, दहा वर्षांच्या बोलीवर. आणि अट अशी की विधवांच्या या शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर. इथे रमाबाईंनी जे केलं ते चांगलंच गाजलं. त्या आपल्या खोलीत मुलगी मनोरमेला घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत, आणि दार लावून घेत नसत. कोणी मुलगी येऊन बसली तर हाकलत नसत. अट मोडली का? अक्षर पाहिलं तर नाही. पण ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या आणि 1893च्या ऑगस्टमध्ये रानडे-भांडारकर बाहेर पडले. उघडं दार हा प्रचार होता की केवळ एका बाईची स्वतःच्या घरातली मोकळीक, यावर पुण्यात आजही एकमत होणार नाही. मला त्यात दोन्ही दिसतं. मुली विश्वास ठेवून धाडणाऱ्या बापाला फसल्यासारखं वाटलं असेल तर त्यालाही बोल लावता येत नाही.

त्याच सुमारास त्या म्युलर आणि टेलर वाचत होत्या. इतर देशांत परमेश्वरावर अशी भिस्त टाकता येते तर हिंदुस्थानात का येऊ नये, हा प्रश्न पडल्याचं त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. उपासमारीने आईबाप गमावलेल्या बाईने तो विचारला आहे, हे लक्षात घेतलं की वाक्याचं वजन बदलतं.

1896मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती शिबिरसभा भरली होती. रमाबाई विश्वासात आलेल्या आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. पहाटे रानात एकांतात जाऊन त्यांनी मागणं मागितलं : या पंधरांचा वर्ग (पंधरा गुणिले पंधरा) व्हावा, म्हणजे 225. तेव्हा शाळेत एवढ्या मुलीही नव्हत्या! वर्ष पालटायच्या आत मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, तिथे एवढ्या जणींना ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या जमिनीवर झोपड्या पडल्या. ही जमीन खरं तर फळबागेसाठी होती. दहा वर्षांची बोली संपली की बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा बेत होता.

हिशेबाची एक बाब इथे निर्णायक ठरली. बोस्टनचा पैसा शारदा सदनच्या विधवांसाठी होता, दुष्काळातल्या मुलींसाठी नव्हे. त्यामुळे केडगावच्या कामाला ना आश्वासन होतं, ना अट. आश्वासन नाही म्हणून म्युलरची वाट धरावी लागली, आणि अट नाही म्हणून उघडपणे ख्रिस्ताचं नाव घेता आलं. पुण्यात जे दार नुसतं उघडं होतं त्याला केडगावात चौकटच उरली नाही. केडगावच्या या संस्थेचं ‘मुक्ती’ हे नाव 1898चं. 1900च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

प्रार्थनेचं उत्तर दुष्काळाच्या वाटेने यावं, हे मात्र मला कधी निवांतपणे वाचता आलेलं नाही. उपाशी मुलीला भाकरी देणारीच्या देवाला ती मुलगी नाही कशी म्हणणार? तेव्हाच्या मराठी पत्रांनी हे विचारलं आणि विचारायलाच हवं होतं. उलट बाजूला एवढंच दिसतं की त्या मुलींना उचलून आणायला दुसरं फारसं कोणी गेलं नव्हतं, आणि गेली ती स्वतः दुष्काळातून वाचलेली होती. शिवाय केडगावात भिस्त म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हतं : विहिरी खोदल्या, शेत पिकवलं, माग लावले, छापखाना घातला.

1905च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजची प्रार्थनासभा सुरू केली. सुरुवातीला सत्तरेक जणी बसत. जूनमध्ये त्यांनी विचारलं, आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? तीस जणी उठल्या. जाण्याआधी बळ मिळावं म्हणून त्या रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या आणि 29 जूनला पहाटे जे सुरू झालं त्याला तिथे ‘संजीवन’ म्हणतात : रडणं, पापांची कबुली, रात्रंदिवस चाललेल्या प्रार्थना. त्याचा गाजावाजा जगभर झाला. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी जायचं ठरलं, मग आपल्याच्याने होणार नाही हे कळलं, मग गुडघे टेकले.

बिनपगारीचा दुसरा मोठा मराठी प्रयोग पुरुषाचा आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895चा. त्यानंतर वीस-बावीस वर्षं ते अमेरिकन मराठी मिशनच्या छत्राखाली राहिले, कीर्तनं केली, लिहिलं. 1917मध्ये त्यांनी मिशनशी असलेला पगाराचा संबंध तोडला आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही येशूचे शिष्य म्हणून बसू शकत. परक्या पैशावर चालणारी सुवार्ता मराठी माणसाला परकीच वाटणार, हे त्यांना फार वर्षं खुपत होतं. म्युलरपेक्षा हा विचार तुकोबांच्या वाटेने आलेला दिसतो. दरबाराला दोन वर्षंही धड मिळाली नाहीत. 9 मे 1919ला टिळक मुंबईत वारले.

त्यांच्या घरात देवावर भिस्त ठेवून खिसा रिकामा करणारे टिळक होते आणि दुपारी चूल पेटवायची जबाबदारी लक्ष्मीबाईंची होती. केडगावात ही दोन्ही कामं एकाच बाईकडे होती.