काकूंचा टीव्ही आणि माझा मोबाइल, पत्ता एकच

परवा शेजारच्या काकूंच्या टीव्हीला वायफाय जोडून देत होतो. सेटिंगमध्ये आयपी अ‍ॅड्रेस दिसला: १९२.१६८.१.७. घरी येऊन सहज माझा मोबाइल पाहिला, तर तिथेही १९२.१६८.१.७! मग काकूंची मालिका माझ्या मोबाइलवर का येत नाही?

कारण हा पत्ता घरापुरताच असतो. १० ने, १९२.१६८ ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशानेही सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत. ते कुणीही आपल्या घरात, ऑफिसात वापरावेत. पण बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना कुणी ओळख देत नाही.

मधले ठिपके आपल्या सोयीसाठी. यंत्राच्या लेखी हा ३२ बिटांचा, म्हणजे ३२ शून्य-एकांचा, एकच सलग आकडा. आपण त्याचे आठ-आठ बिटांचे चार तुकडे करतो, म्हणून प्रत्येक तुकडा ० ते २५५ मध्येच बसतो. (मालिकेतल्या हॅकरच्या पडद्यावर ३०० दिसलं की खुशाल हसावं.) सेटिंगमध्ये सबनेट मास्कही असतो, बहुधा २५५.२५५.२५५.०. त्याचा अर्थ, पहिले तीन तुकडे जुळले तर समोरचं यंत्र घरातलंच. प्रिंटर १९२.१६८.१.२० वर असेल तर मोबाइल त्याच्याशी थेट बोलतो. तुकडे जुळले नाहीत, तर पाकीट (पाठवायच्या माहितीचा छोटा तुकडा) मुकाट्याने राउटरच्या हवाली.

खरी गंमत राउटरमध्ये आहे. तो पाकिटावरचा माझा घरगुती पत्ता खोडून स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो आणि वहीत नोंद ठेवतो: पोर्ट (पाकिटावर पत्त्यासोबत लिहिलेला क्रमांक) ५१००० वरून गेलेलं पाकीट ७ नंबरचं, ५१००१ चं ९ नंबरचं. उत्तर आलं की पोर्ट बघून ज्याचं त्याला. या युक्तीला नॅट म्हणतात. वहीत नोंद नसलेलं पाकीट बाहेरून आलं, तर राउटर ते सहसा टाकून देतो. घरातला सीसीटीव्ही गावाहून थेट त्याच्या आयपीवर का उघडत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

एवढा खटाटोप कशासाठी? तर ३२ बिटांत पत्ते बसतात ४,२९,४९,६७,२९६. १९८१ साली ही रचना ठरली तेव्हा ४२९ कोटी म्हणजे चिक्कार. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे पाच प्रादेशिक संस्थांना वाटून झाले आणि कोठार रिकामं झालं. आता अनेक इंटरनेट कंपन्या तुमच्या राउटरलाही खरा पत्ता देत नाहीत. त्याला १००.६४ ते १००.१२७ मधला काहीतरी मिळतो आणि कंपनीच्या दारात दुसरी वही असते. जुगाडावर जुगाड! चालतो मात्र झकास.

सरळ उपाय आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी, लांब रचना. त्यात १२८ बिट. मोजदादच करायची, तर ३४ वर ३७ शून्यं इतके पत्ते. भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर तो सर्रास वापरात आहे. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या आणि फोनच्या माहितीत पाहा: ठिपक्यांऐवजी कोलन, आकड्यांत मिसळलेली ए ते एफ अक्षरं, असा लांबलचक पत्ता बहुधा दिसेल. माझा २४०९ ने सुरू होतो. हा मात्र काकूंच्या टीव्हीवर सापडायचा नाही.