कमिट झालं म्हणजे डेटा फाइलमध्ये गेला का? कमिट आणि चेकपॉइंट

डेटाबेसमध्ये कमिट मारलं, म्हणजे केलेले बदल पक्के कर असं सांगितलं, की डेटा डिस्कवर गेला असं सगळेच धरून चालतात, आणि ते खरंही आहे, फक्त डिस्कवर नेमका कुठे गेला इथेच घोळ होतो. कमिटच्या वेळी लिहिला जातो तो लॉग, म्हणजे काय काय बदललं याची ओळीने नोंद. ऑरॅकलमध्ये त्याला रीडू लॉग म्हणतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्झॅक्शन लॉग, पोस्टग्रेसमध्ये वॉल (WAL), काम तेच. ती नोंद डिस्कवर पक्की झाली की डेटाबेस तुम्हाला 'झालं' म्हणून सांगतो, टेबलचा बदललेला ब्लॉक (डेटाबेस डेटा ज्या ठरावीक तुकड्यांत ठेवतो त्यातला एक) मात्र बऱ्याचदा अजून मेमरीतच असतो.

तो ब्लॉक डेटा फाइलमध्ये नंतर सवडीने जातो, आणि चेकपॉइंट म्हणजे त्याची खूण, की इथपर्यंतचे बदल फाइलमध्ये पोचलेत, क्रॅश झालाच तर लॉग याच्या मागचा वाचायला नको. पोस्टग्रेसमध्ये हे डिफॉल्टने दर 5 मिनिटांनी होतं, लॉग फार वाढला तर त्याआधीच.

एवढा खटाटोप कशाला? एक ऑर्डर टाकली तरी स्टॉक, इनव्हॉइस, त्यांचे इंडेक्स असे कितीतरी ब्लॉक बदलतात, सगळे वेगवेगळ्या जागी, प्रत्येक साधारण 8 केबीचा. दर कमिटला ते सगळे लिहायचे तर सिस्टीम रांगेतच बसेल. लॉगमध्ये काय, शेवटी जोडत जायचं, आणि दहा जणांचे कमिट एकाच राइटमध्ये उरकतात.

आता खरी गंमत, म्हणजे मला तरी हे कळल्यावरच सगळं जुळलं: हे दोघं एकमेकांसाठी थांबत नाहीत. कमिट झालेला बदल फाइलमध्ये नसू शकतो, आणि कमिट न झालेला बदल फाइलमध्ये जाऊन बसलेला असू शकतो, कारण मोठा अपडेट चालू असताना मेमरी भरली की ब्लॉक बाहेर काढावेच लागतात. म्हणून क्रॅशनंतर ऑरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर आधी लॉग पुढे चालवतो आणि मग अर्धवट, म्हणजे कमिट न झालेली ट्रान्झॅक्शन मागे घेतो. आयबीएममधल्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी 1992 च्या एरीज पेपरमध्ये ही पद्धत नीट मांडली.

स्लो झालं की दोन्हीकडे वेगळं बघायचं. ऑरॅकलमध्ये 'लॉग फाइल सिंक'चा वेट, म्हणजे कमिटला लॉग लिहून होईपर्यंत थांबावं लागणारा वेळ, वाढला तर लॉगची डिस्क बघा, आणि बॅच जॉब दर रोला कमिट करतोय का तेही बघा, बऱ्याचदा तिथेच सापडतं. अलर्ट लॉगमध्ये (ही ऑरॅकलची सूचना-एररची फाइल, वरचा लॉग वेगळा) 'चेकपॉइंट नॉट कम्प्लीट' येत असेल तर कमिट कमी करून काही होणार नाही, तिथे रीडू लॉगच्या फाइल लहान किंवा कमी पडतायत.

आणि चालू डेटाबेसच्या डेटा फाइल नुसत्या कॉपी करून त्याला बॅकअप म्हणू नका, प्लीज. आधी हाताने चेकपॉइंट मारला तरी उपयोग नाही, कॉपी चालू असतानाच ब्लॉक पुन्हा बदलायला लागलेले असतात.