व्हिएतनामचा ई-व्हिसा : हनोईच्या चार दिवसांसाठी अर्ज करताना नेमकं कुठे अडतं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना मुंबई विमानतळावरून घरी परतावं लागलं. तिकीट होतं, हनोईतलं हॉटेल ठरलं होतं, व्हिसाही मंजूर होऊन त्याचा कागद हातात होता. पण त्या कागदावरच्या पासपोर्ट क्रमांकात शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडला होता. चेक-इन काउंटरवरच्या मुलीने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, बोट ठेवून चूक दाखवली आणि बोर्डिंग पास द्यायला नकार दिला. बाकीचा ग्रुप गेला. तेव्हापासून ओळखीतलं कुणी व्हिएतनामला निघालं की त्यांचा फॉर्म भरताना मी शेजारी बसते. गेल्या वर्षभरात जे जे अडताना पाहिलं, ते इथे लिहून ठेवते आहे.

पात्रतेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनाम सर्व देशांच्या नागरिकांना ई-व्हिसा देतं. तो जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो आणि एकदाच प्रवेशाचा किंवा अनेकदा प्रवेशाचा मिळतो. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरण, नोकरीचं पत्र यांतलं काही लागत नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. अपलोड करायच्या फक्त दोन गोष्टी : तुमचा फोटो आणि पासपोर्टच्या माहितीच्या पानाची प्रतिमा. एका प्रवेशाचे २५ डॉलर, अनेक प्रवेशांचे ५० डॉलर. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

इतकं सोपं असूनही लोक अडतात, आणि पहिली अडचण फॉर्म उघडायच्या आधीच येते. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ असा संपतो. शोधताना मात्र वरच्या ओळींत जाहिराती येतात. त्यावर व्हिएतनामचा झेंडा असतो, ‘अधिकृत’ असं लिहिलेलं असतं, आणि २५ डॉलरच्या कामाचे ८०-९० डॉलर घेतले जातात. यातले काही प्रामाणिक एजंट असतीलही, पण तुमचा पासपोर्ट कुणाच्या हाती जातोय हे तुम्हाला कळत नाही. म्हणून पत्त्याचं शेपूट बघितल्याशिवाय एक अक्षरही टाइप करू नका.

विमानतळावर उतरून व्हिसा मिळतो असं अजून बरेच जण सांगतात. तसं थेट जाऊन मिळत नाही. त्यासाठी आधीच मंजुरीचं पत्र हातात लागतं. व्हिसाशिवाय जाता येतं ते फक्त फू क्वॉक बेटावर, तेही थेट तिथेच जाऊन तिथेच राहणार असाल तर, ३० दिवसांपर्यंत. हनोईचा कार्यक्रम असेल तर हा पर्याय डोक्यातून काढून टाका.

नावाचा रकाना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि आपल्या मराठी नावांमुळे जरा जास्तच होतात. फॉर्ममध्ये दोन रकाने आहेत. एक आडनावाचा, दुसरा ‘मधलं नाव आणि दिलेलं नाव’ असा. हा क्रम व्हिएतनामी पद्धतीचा आहे. तिथे आधी आडनाव, मग मधलं नाव आणि शेवटी स्वतःचं नाव लिहितात. आपला माणूस तो रकाना वाचतो, मधलं नाव आधी मागितलंय असं समजतो आणि वडिलांचं नाव पुढे टाकतो. सुरेश रामचंद्र पाटील यांचा व्हिसा मग रामचंद्र सुरेश पाटील या नावाने येतो.

यावर उपाय एकच. पासपोर्टच्या माहितीच्या पानावर अगदी खाली, मशीनने वाचायच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव, मग बाणासारख्या दोन खुणा, मग तुमचं नाव, एक खूण, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. जे जसं आहे ते तसंच, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने फॉर्ममध्ये उतरवा. पासपोर्टवर स्पेलिंग चुकलेलं असेल तर चुकलेलंच लिहा. आधार कार्डावर काय आहे, बँकेत काय आहे, याचा इथे काही संबंध नाही.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी आणखी एक बघावं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या नावाचं, असं मी दोनदा पाहिलं आहे. व्हिसा पासपोर्टप्रमाणेच येणार. मग तिकीट जुळत नाही आणि ते बदलायला पैसे पडतात. तिकीट काढणाऱ्या मुलाला किंवा सुनेला पासपोर्टचा फोटो पाठवा, तोंडी नाव सांगू नका.

पासपोर्ट क्रमांकात सुरुवातीच्या इंग्रजी अक्षरानंतर सगळे अंकच असतात. तिथे ‘ओ’ येऊच शकत नाही, जे गोल दिसतं ते शून्य आहे. काकूंचा फॉर्म भरून देणाऱ्या त्यांच्या भाच्याला एवढं कुणी सांगितलं असतं तर! आणि व्हिसा आल्यावर पासपोर्ट नवा करून घेतला तर तो व्हिसा उपयोगाचा राहत नाही, कारण तो जुन्या क्रमांकाला बांधलेला असतो. नूतनीकरण करायचंच असेल तर आधी ते करा, मग व्हिसा.

फोटो आणि पासपोर्टचं पान

फोटो ४ बाय ६ प्रमाणात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, समोर बघत, चष्म्याशिवाय हवा. चष्मा काढा म्हटलं की ज्येष्ठ मंडळी नाराज होतात, पासपोर्टवर तर चष्म्यासकट आहे म्हणतात. तरी काढाच. स्टुडिओत काढलेल्या छापील फोटोचा मोबाइलवर पुन्हा फोटो काढून तो चढवू नका. त्यात आपल्याच हाताची सावली पडते, कडा तिरप्या येतात, आणि अर्ज तिथेच लटकतो. स्टुडिओवाल्याकडून मूळ फाइल मागून घ्या, ती तो व्हॉट्सॲपवरही पाठवतो, फक्त ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा म्हणजे दर्जा उतरत नाही.

पासपोर्टचं पान म्हणजे तुमचा फोटो असलेलं पान. आई-वडिलांची नावं आणि पत्ता असलेलं शेवटचं पान नव्हे. घरी फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, कारण चकचकीत आवरणावर उजेडाचा जो पांढरा डाग पडतो तो नेमका खालच्या दोन ओळींवर पडतो, आणि त्याच ओळी त्यांना वाचायच्या असतात. दिवसा खिडकीपाशी टेबलावर पान सपाट ठेवून काढलेला फोटो उत्तम येतो. चारही कोपरे दिसले पाहिजेत.

तारखा

व्हिसावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा असतात. ‘पासून’च्या आधी एक तासही प्रवेश नाही, नंतर कधीही चालतो. ‘पर्यंत’च्या रात्री बारानंतर तुम्ही देशात असाल तर तुम्ही मुदतीबाहेर राहिलात. लोक काय करतात, तिकिटावरच्या तारखा जशाच्या तशा टाकतात. मग परतीचं विमान रात्री साडेबाराचं निघतं. चौदा तारखेला रात्री हॉटेल सोडलं म्हणून ‘पर्यंत’मध्ये चौदा लिहिलेली, पण पासपोर्टवर शिक्का पंधरा तारखेचा. अशा वेळी दंड आणि विमानतळावरची धावपळ, आणि विमान सुटण्याची भीती वेगळीच.

९० दिवसांपर्यंत मागायची मुभा आहे आणि जास्त दिवसांचे जास्त पैसे नाहीत. मग चार दिवसांच्या सहलीसाठी चारच दिवस का मागायचे? आधी दोन-तीन दिवस, नंतर आठवडाभर सोडून तारखा टाका. विमान पुढे ढकललं गेलं, कुणी आजारी पडलं, तरी जिवाला घोर नाही. तारखा टाकताना दिवस आधी, महिना नंतर. ०५/०६ म्हणजे पाच जून.

हनोईहून कंबोडियाला अंगकोर वाट बघायला जाऊन परत हनोईतूनच मुंबईचं विमान पकडणार असाल तर ते दोन प्रवेश झाले. २५ डॉलरचा व्हिसा घेऊन गेलात तर परत येताना अडाल. ५० वाला घ्या.

प्रवेशाचं ठिकाण विचारतात, तिथे तुम्ही व्हिएतनामच्या जमिनीवर पहिल्यांदा जिथे उतरणार ते लिहायचं, जिथे राहणार ते नव्हे. मुंबईहून थेट हनोईला जात असाल तर नोई बाई विमानतळ. पण हो ची मिन्ह सिटीला विमान बदलून दा नांगला जाणार असाल, तर इमिग्रेशन हो ची मिन्ह सिटीतच होतं, म्हणून तान सोन न्यात विमानतळ निवडा.

हॉटेलचा पत्ता

१ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने ६३ प्रांतांचे ३४ केले आणि जिल्हा ही पातळीच काढून टाकली. आता प्रांत किंवा शहर आणि त्याखाली थेट वॉर्ड. पण तुमच्या हॉटेलच्या बुकिंगवर बऱ्याचदा जुनाच पत्ता असतो. होई आनचं हॉटेल ‘क्वांग नाम’ प्रांतात दाखवतात, आणि तो प्रांत आता दा नांगमध्ये विलीन झाला आहे. यादीत क्वांग नाम सापडलं नाही म्हणून लोक घाबरून मधेच फॉर्म सोडतात. घाबरू नका, दा नांग निवडा. हनोईच्या जुन्या बाजारपेठेतलं हॉटेल असेल तर होआन किएम हे आता वॉर्डचं नाव आहे. शंका असली तर हॉटेलला एक ओळीचा मेसेज करा, नव्या पद्धतीचा पत्ता पाठवा म्हणून. ते लगेच पाठवतात, त्यांना रोजच विचारणा होत असते.

मुलांसाठी वेगळा अर्ज. पालकांच्या फॉर्ममध्ये सोबतच्या मुलांचा रकाना दिसतो आणि तिथे लेकराचं नाव लिहून लोक निश्चिंत होतात. मुलाचा स्वतःचा पासपोर्ट असेल, आणि आपल्याकडे तो असतोच, तर त्याचा स्वतंत्र अर्ज आणि स्वतंत्र पैसे. तान्ह्या बाळालाही.

पैसे भरताना कार्ड नाकारलं जातं, तेव्हा दोष बहुतेक वेळा संकेतस्थळाचा नसतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी चालू करून मिळतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार आधी चालू करा. पैसे भरण्यापूर्वी मिळणारा नोंदणी क्रमांक कागदावर लिहून ठेवा, निकाल बघायला तोच लागतो. आणि पैसे भरायच्या आधी फॉर्म दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या, पासपोर्ट हातात धरून, एकेक अक्षर. पैसे भरल्यावर सहसा काही बदलता येत नाही, नवा अर्ज आणि नवे २५ डॉलर.

तीन दिवस म्हणजे किती दिवस

अर्जाचा निकाल यायला कामाचे तीन दिवस लागतात असं सांगतात. शनिवार-रविवार त्यात नाही. आणि सुट्ट्या त्यांच्या, आपल्या नव्हेत. आपल्या दिवाळीत त्यांचं कार्यालय चालू असतं, पण ३० एप्रिल आणि १ मे ला बंद असतं. नेमक्या शाळांना सुट्ट्या लागून सगळी कुटुंबं निघतात तेव्हाच. २ सप्टेंबरला त्यांचा राष्ट्रीय दिन. आणि चांद्र नववर्ष, म्हणजे तेत, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीही येतं. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्या आसपास आठवडाभर काही हलत नाही. म्हणून किमान तीन आठवडे हातात ठेवून अर्ज करा. वाट बघताना दर दिवसाआड संकेतस्थळावर स्वतः जाऊन स्थिती तपासा. फोटो बदलून द्या अशी मागणी येऊन पडलेली असते आणि मेल स्पॅममध्ये जाऊन बसतो.

व्हिसा आला की पहिलं काम, त्यावरचं प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून बघणं. चूक दिसली तर ‘चालेल’ म्हणू नका, सरळ नवा अर्ज करा. दोन प्रती छापून एक हातातल्या बॅगेत ठेवा. काउंटरवर परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंगही मागतात. ५,००० डॉलरपेक्षा जास्त रोख असेल तर उतरल्यावर कस्टम्सला सांगावं लागतं. ई-सिगारेट नेऊ नका, तिथे २०२५ पासून बंदी आहे.

तारखा ठरवताना वार बघायला विसरू नका, कारण तिथे जाऊन हळहळणारे पुष्कळ आहेत. हो ची मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जून-ऑगस्टच्या सुमारास, देखभालीसाठी ती काही आठवडे पूर्ण बंद ठेवतात. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे लागतात, आत फोटो नाही. १०७० साली उभारलेलं साहित्य मंदिर, म्हणजे वान मियू, तिथून जवळच आहे. तिथले कासवांच्या पाठीवरचे ८२ शिलालेख बघायला दीड तास ठेवा. होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत वाहनांना बंद असतात. त्या संध्याकाळी तिथे पोरं खेळतात, म्हातारी माणसं बाकांवर बसलेली असतात. गुरुवारी उतरून सोमवारी निघालात तर समाधीसाठी शनिवार-रविवारची सकाळ आणि तळ्याकाठच्या तिन्ही संध्याकाळी मिळतात. डाँग हे तिथलं चलन, त्याच्या २०,००० आणि ५,००,००० च्या नोटा दोन्ही निळ्या असतात, रात्री टॅक्सीचे पैसे देताना दिव्याखाली धरून शून्यं मोजा.

काकूंनी यंदा पुन्हा अर्ज केला आहे. फॉर्म त्यांनी स्वतः भरला, मी फक्त शेजारी बसले होते. क्रमांकाचा रकाना आला तेव्हा त्यांनी भिंग काढलं.