पदपराडशा (खड्याची ओळख)

पदपराडशा हा कुरुंद या खनिजाचा, म्हणजे स्फटिकरूप अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा, गुलाबी आणि केशरी यांच्या मधल्या रंगाचा दुर्मीळ रत्नप्रकार. माणिक आणि नीलम हीही कुरुंदाचीच रूपे. रत्नव्यापारात लाल कुरुंद सोडून बाकी सगळ्या रंगांच्या कुरुंदाला ‘सफायर’ म्हणतात, त्यामुळे पदपराडशाला गुलाबी-केशरी नीलम असेही म्हटले जाते. मराठी कानाला हे खटकते, कारण आपल्याकडे नीलम निळाच असतो आणि पिवळा असला तर तो पुष्कराज होतो. नव्याने घेतलेला गुलाबी-केशरी खडा पदपराडशा आहे का, या प्रश्नाच्या पोटात चार प्रश्न आहेत: खडा कुरुंदाचा आहे का, तो खाणीतला आहे का, रंग त्याचा स्वतःचा आहे का आणि तो रंग टिकतो का. नाव ठरवायचे ते यानंतर. बाजारात नाव आधी ऐकू येते आणि परीक्षा मागाहून होते. ग्राहक फसतो तो बहुधा इथेच.

नाव श्रीलंकेतून आले. सिंहलीत कमळाच्या रंगाला पद्मराग म्हणतात. त्या शब्दाचे जर्मन धाटणीने लिहिलेले रूप पुढे जगभर रुळले. संस्कृतात आणि मराठीत मात्र पद्मराग म्हणजे माणिक. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पद्मरागावर स्वतंत्र अध्याय आहे. सौगंधिक, कुरुविंद आणि स्फटिक यांपासून पद्मराग होतो असे तिथे म्हटले आहे, आणि तो पद्मराग माणिकच आहे. म्हणून पावतीवर ‘पद्मराग’ एवढेच लिहिले असेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. त्याच श्लोकातला कुरुविंद आणि तमिळ कुरुंदम् यांच्या घराण्यातून ‘कोरंडम’ हा इंग्रजी शब्द आला, आणि हत्याराला धार लावायचा आपला कुरुंदाचा दगडही त्याच कुळातला. ताज्या गुलाबी कमळाची पाकळी या खड्याशेजारी धरली तर तिच्यात केशरी छटा जवळजवळ दिसत नाही. सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला काही मिनिटे जो रंग राहतो, तो या खड्याला अधिक जवळचा.

श्रीलंकेत रत्नपुराच्या परिसरात जमिनीखालच्या वाळू-खड्यांच्या थरातून हे खडे निघतात. त्या थराला तिथे ‘इल्लम’ म्हणतात. टांझानियातील उंबा खोरे, व्हिएतनाम आणि मादागास्कर येथेही ते सापडतात. खरा पदपराडशा फक्त श्रीलंकेचाच, असा आग्रह काही व्यापारी आजही धरतात. आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळांनी मिळून ठरवलेल्या व्याख्येत तसे बंधन नाही, आणि ते नाही हे योग्यच आहे. खड्याचे गाव त्याच्या रंगावर लिहिलेले नसते. २०१८ मध्ये ब्रिटनच्या राजकन्या युजेनी यांच्या साखरपुड्याच्या अंगठीत हा खडा होता, तेव्हापासून रत्नांशी संबंध नसलेल्यांच्याही कानावर हे नाव पडले.

पहिली परीक्षा खनिजाची. याच रंगछटेत स्पिनेल, मॉर्गनाइट, टोपाझ आणि गार्नेटचे काही प्रकार मिळतात आणि नुसत्या डोळ्याने ते वेगळे करता येत नाहीत. वक्रीभवनमापकावर, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, कुरुंद १.७६२ ते १.७७० च्या आसपास दोन वाचने देतो. स्पिनेल १.७१८ च्या आसपास एकच वाचन देतो, टोपाझ १.६३ च्या आणि मॉर्गनाइट १.५८ च्या जवळ राहतो. हे यंत्र नसेल तर सुट्या खड्याची घनता काढता येते. त्यासाठी कॅरटचा अचूक काटा, पाण्याचा पेला आणि खडा पाण्यात अधांतरी धरायला तारेचा छोटा झोका पुरतो. हवेत २.०० कॅरट भरलेला खडा पाण्यात १.५० कॅरट भरला तर फरक ०.५० चा, २.०० ला ०.५० ने भागले की ४.००, आणि कुरुंदाची घनता हीच. तेवढ्याच वजनाचा स्पिनेल पाण्यात १.४४ च्या आसपास भरतो आणि मॉर्गनाइट १.३० च्याही खाली जातो. खड्याला चिकटलेला हवेचा एक बुडबुडाही उत्तर बिघडवतो. अर्ध्या कॅरटहून लहान खड्यावर या रीतीने विसंबू नये.

कुरुंद निघाला म्हणजे तो खाणीतला असेलच असे नाही. ऑगस्त वेर्नेय यांनी १९०२ मध्ये जाहीर केलेल्या ज्योत-पद्धतीने केशरी-गुलाबी कुरुंद कारखान्यात सहज बनतो, आणि त्याची घनता व वक्रीभवन नैसर्गिक खड्यासारखेच असते. इथे दहापट भिंग कामाला येते. खडा चिमट्यात धरून, प्रकाश बाजूने घेऊन सावकाश फिरवला की कारखान्याच्या खड्यात वक्र रेषा आणि वायूचे गोल बुडबुडे दिसू शकतात. निसर्गातल्या कुरुंदाच्या वाढीच्या रेषा सरळ असतात आणि कोनात मिळतात. रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया तीन दिशांनी एकमेकींना छेदत गेलेल्या दिसल्या तर त्याला रत्नपारखी ‘रेशीम’ म्हणतात. हे रेशीम अखंड, टोकापर्यंत धारदार असेल तर खडा निसर्गातला आहेच, शिवाय रंग खुलवण्यासाठी त्याला कडक आच दिलेली नाही हेही कळते; तीव्र उष्णतेत त्या सुया तुटून ठिपक्यांच्या ओळी होतात. नवा ग्राहक आत काही दिसले की नाराज होतो. या रत्नात आतली खूण ही बहुतेक वेळा चांगली बातमी असते, आणि मोठा, स्वस्त, आतून निष्कलंक खडाच संशयाने पाहावा.

सगळ्यात कठीण प्रश्न रंगाच्या उगमाचा. गुलाबी छटा क्रोमियममुळे येते. तिच्यात मिसळणारी पिवळी छटा लोहामुळे किंवा स्फटिकजालातील विद्युतभाराच्या त्रुटींमुळे, म्हणजे रंगकेंद्रांमुळे येते. २००१ च्या सुमारास थायलंडहून देखण्या केशरी-गुलाबी खड्यांचा लोंढा बाजारात आला आणि ते नुसते तापवलेले आहेत असे सांगून विकले गेले. २००२ च्या सुरुवातीला प्रयोगशाळांच्या ध्यानात आले की मुशीत क्रायसोबेरिल हे बेरिलियम असलेले खनिज घालून, कुरुंदाच्या वितळणबिंदूच्या जवळपास जाणाऱ्या तापमानाला हे खडे दीर्घकाळ भाजले आहेत. बेरिलियम बाहेरून आत झिरपते आणि साध्या गुलाबी खड्यात केशरी रंग उतरवते. असा खडा मेथिलीन आयोडाइड या द्रवात बुडवून खालून पांढरा उजेड दिला की कधी कधी सगळी गोष्ट उघडी पडते: मधोमध गुलाबी गाभा आणि त्याच्याभोवती, पैलूंच्या कडांना समांतर जाणारी केशरी किनार. निसर्गातल्या रंगाला खडा पुढे कोणत्या आकारात घासला जाणार हे ठाऊक नसते, म्हणून पैलूंच्या मागोमाग जाणारा रंग माणसानेच घातलेला. पण बेरिलियम गाभ्यापर्यंत पोचले असेल तर किनार दिसत नाही. मग दशलक्षात काही भाग एवढ्या अल्प प्रमाणातील मूलद्रव्य मोजणारे, लेसर-आधारित उपकरण लागते. ते प्रत्येक प्रयोगशाळेत नसते, म्हणून खडा देण्यापूर्वी बेरिलियमची तपासणी होते का हे स्पष्ट विचारावे. अशा खड्याला पदपराडशा हे नाव मिळत नाही.

रंग खडा स्वतःचाच घेऊन आला तरी तो टिकेलच असे नाही. मादागास्करमध्ये २०१६ च्या अखेरीस बेमाइंटी भागात सापडलेल्या काही खड्यांची केशरी छटा उजेडात उतरून ते नुसते गुलाबी झाले. असे खडे दिवसेंदिवस अंधारात, कागदाच्या पुडीत असतात तोवर त्यांचा रंग लोभस दिसतो. म्हणून प्रयोगशाळा खड्याला आधी अतिनील प्रकाश देऊन पिवळी छटा जागी करतात, मग काही तास प्रखर पांढऱ्या उजेडात ठेवून रंग कुठे स्थिरावतो ते पाहतात. स्थिरावलेला रंग तोच खरा मानायचा. क्ष-किरणांसारखे विकिरण देऊन आणलेला केशरी रंगही असाच उडतो. घरी खडा दोन-तीन दिवस खिडकीशी उजेडात ठेवून, आधीच्या फोटोशी न ताडता त्याच पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा पाहिला तर ढोबळ अंदाज येतो. मोबाइलचा कॅमेरा गुलाबी-केशरी रंग स्वतःच्या मर्जीने बदलतो.

या चारही प्रश्नांतून पार पडलेल्या खड्याचे नाव शेवटी छटेवर ठरते. रंग फिकट ते मध्यम आणि कोवळा हवा, गुलाबी आणि केशरी दोन्ही त्यात हवेत आणि तपकिरी झाक अजिबात नको. समोरून पाहताना रंगाचे ठळक असमान पट्टे दिसले, किंवा भेगेत साचलेल्या पिवळ्या-केशरी द्रव्यामुळे रंग आला असेल, तरी नाव नाकारले जाते. सराफाच्या दुकानातला पिवळा दिवा गुलाबी खड्यालाही केशरी करतो. म्हणून ढगाळ सकाळी, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीत पाहणे बरे. इतके करूनही सीमेवरच्या एकाच खड्याला एक प्रयोगशाळा पदपराडशा म्हणते आणि दुसरी ‘गुलाबी-केशरी नीलम’ लिहिते, असे होते. त्या दोन शब्दांत किमतीचा मोठा फरक असतो, आणि पुन्हा विकताना तो मालकाच्या वाट्याला येतो.

मुंबईत आणि जयपूरला रत्नपरीक्षेच्या जुन्या प्रयोगशाळा आहेत. स्वित्झर्लंडमधील बासेल आणि लुसर्न येथील प्रयोगशाळांचे अहवाल जागतिक बाजारात चालतात. अहवालात खनिजाचे नाव, नैसर्गिक की कृत्रिम, उष्णतेच्या खुणा आहेत की नाहीत आणि रंगाचे वर्णन या चार ओळी आधी वाचाव्यात. देशाचे नाव हे प्रयोगशाळेचे मत असते. खडा घेताना दुकानदाराकडून पावतीवर ‘नैसर्गिक कुरुंद, बेरिलियम प्रक्रिया नाही’ असे लिहून घ्यावे आणि अहवाल वेगळा आल्यास परत घेण्याची मुदत त्याच पावतीवर नोंदवून घ्यावी.