गोगलगाय घर बदलत नाही

पावसाळ्यात बार्शीकडच्या सोयाबीनमध्ये शंखी गोगलगायी निघाल्या की एक जुना मेसेज फिरतो: गोगलगाय मोठी झाली की जुना शंख टाकून नवा शोधते.

तसं नसतं. शंख तिच्या अंगाचाच भाग आहे. पिल्लू अंड्यातून इवलासा शंख घेऊनच बाहेर पडतं आणि पुढे शंखाच्या तोंडाशी चुन्याचे थर चढत जातात. घर बदलतो तो समुद्रकाठचा एक खेकडा. गल्लत बहुधा तिथूनच झाली असावी, आणि ती कुणाचीही होईल.

बांधावरचा रिकामा शंख उचलून बघा (हात मात्र नंतर साबणाने धुवा). टोकाचा सगळ्यात बारीक वेढा म्हणजे तिचं बाळपण. तिथून तोंडापर्यंत वाढीच्या रेघा सलग दिसतात, जोड कुठेच नाही.

मला सर्वांत पटणारा पुरावा बेटांवरचा आहे. प्रशांत महासागरातल्या ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावर पार्तुला गोगलगायींच्या एकाच जातीत काही शंख उजव्या वळणाचे, काही डाव्या वळणाचे असत, आणि पिल्लाचा वळसा ठरतो आईच्या जनुकांवरून! शोधून आणलेल्या घराला आईचा वारसा कुठून येणार?

शंख उजवा की डावा ते बघायला त्याचं टोक वर, तोंड आपल्याकडे धरा. आपल्या शेतातल्या या शंखी, म्हणजे आफ्रिकी गोगलगायीचं तोंड उजवीकडे येईल, म्हणजे शंख उजवा.