साठा म्हणजे कोणता साठा? एआय एजंटच्या टूलचं वर्णन लिहिताना

‘नाथसागरात पाणी किती हाय?’ असं पैठणच्या शेतकऱ्याने मोबाइलवरच्या एआय एजंटला विचारलं, तर तो आकडा एजंटला टूलमधून आणावा लागतो. टूल म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा: एक धरणाचा साठा आणतं, दुसरं बाजारभाव, तिसरं पाऊस. पण एजंटमागचं भाषेचं मॉडेल तो प्रोग्राम कधीच वाचत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन आणि आत काय भरायचं ते, म्हणजे पॅरामीटर. तेवढ्यावर ते टूल निवडतं आणि माहिती भरून देतं. टूल चालवतो दुसराच प्रोग्राम, आणि आलेलं उत्तर मॉडेलपुढे ठेवतो. वर्णनात जे सुटलं, ते मॉडेलला कळायला दुसरी वाट नाही.

समजा, वर्णन एवढंच आहे: ‘धरणातला साठा देतं.’ उत्तर आलं ७३८. जायकवाडीची, म्हणजे नाथसागराची, एकूण क्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी. त्यातला २,१७१ उपयुक्त साठा आणि ७३८ मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी सोडता न येणारं पाणी. मॉडेल ७३८ ला २,९०९ ने भागून ‘धरण २५ टक्के भरलं आहे’ असं बिनदिक्कत सांगेल. प्रत्यक्षात ते सगळं पाणी मृतसाठ्यातलं, उपयुक्त साठा शून्य आहे, आणि त्या उत्तरावर कुणी उसाची लागवड ठरवली तर नुकसान त्याचं होईल. हिशेब बरोबर, आकडा खरा, उत्तर मात्र चुकीचं.

तेच वर्णन असं लिहावं: ‘जलाशयातला उपयुक्त साठा दलघमीमध्ये आणि उपयुक्त क्षमतेच्या टक्क्यांत देतं. मृतसाठा यात धरलेला नाही. पाणी मृतसाठ्याखाली गेलं की आकडा उणे येतो. ती चूक नव्हे. उत्तरात नोंदीची तारीख असते, ती सोबत सांगावी. टीएमसीत विचारल्यास २८.३२ ने भागावं. धरणातून किती पाणी सोडलं हे यातून कळत नाही. त्यासाठी धरण_विसर्ग हे टूल वापरावं.’

शेवटची दोन वाक्यं बहुतेक जण लिहीतच नाहीत. टूल काय करतं हे सगळे सांगतात. कधी वापरू नये, हे सांगायचं राहतं. दरवाजे उघडले की लोक विसर्ग विचारतात, आणि साठा व विसर्ग ही टूल शेजारी असली की मॉडेल नेमकं तिथेच घोटाळतं.

पॅरामीटरचं नावही बोलकं हवं. ‘ठिकाण’ असं लिहिलं आणि प्रश्नात लातूर आलं, तर जिल्हा समजायचा, तालुका की बाजार समिती? ‘बाजार_समिती’ लिहिलं की प्रश्नच मिटतो. गावांची नावं मोकळी सोडू नयेत, ठरावीक यादीतूनच निवडू द्यावीत. अंबाजोगाई, अंबेजोगाई, आंबेजोगाई अशी एकाच गावाची तीन रूपं लिहिली जातात. धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर ही जिल्ह्यांची नावं २०२३ पासूनची. जुन्या नोंदी उस्मानाबाद, औरंगाबाद या नावांनी सापडतात. ही जुळणी प्रोग्रामने करावी, मॉडेलवर टाकू नये. तारखेचा नमुना देऊनच टाकावा, कारण ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे कुणालाच ओळखता येत नाही. ‘आज’ कोणती तारीख आहे हेही मॉडेलला आपणहून ठाऊक नसतं.

बाजारभावाच्या टूलमध्ये किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर वेगळे असतात; नुसतं ‘भाव’ विचारल्यावर कोणता सांगायचा ते लिहावं, आणि दर क्विंटलचा आहे हेही. सोयाबीनवाला मात्र कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत बोलतो, बियाण्याच्या एका बॅगेमागचं उत्पन्न सांगताना ‘बॅगेला दहा कट्टे झाले’ म्हणतो. कट्ट्याचं वजन सगळीकडे सारखं नसतं. म्हणून ‘वजन गृहीत धरू नये, विचारावं’ हे वाक्य वर्णनात हवंच.

टूलकडून परत येणारा मजकूरही मॉडेल वाचतं, हे विसरलं जातं. बाजार बंद असताना नुसती रिकामी यादी आली, तर मॉडेल कधी शून्य भाव सांगतं, कधी मनानेच आकडा भरतं. ‘या दिवशी सौदे झाले नाहीत; शेवटची नोंद अमुक तारखेची’ असं टूलनेच सांगावं. ‘त्रुटी ४००’ने काही कळत नाही, ‘ही बाजार समिती सापडली नाही, जवळची नावं अशी’ म्हटलं की मॉडेल स्वतः दुरुस्त करून पुन्हा विचारतं.

नोंदणी करणं, एसएमएस पाठवणं अशा टूलच्या वर्णनात ‘होकार घेऊनच’ लिहावं, पण तेवढ्यावर विसंबू नये. अडवणारी कडी प्रोग्राममध्येच हवी.

म्हणून पानभर लिहावं असंही नाही. बहुतेक वेळा प्रत्येक प्रश्नासोबत सगळ्या टूलची वर्णनं मॉडेलकडे जातात, जागा खातात, खर्च वाढवतात. सात-आठ छोटी वाक्यं पुरतात.

लिहून झालं की २५-३० प्रश्न लोकांच्याच बोलीत गोळा करावेत, प्रत्येकापुढे अपेक्षित टूल आणि पॅरामीटर मांडावेत आणि प्रत्येक प्रश्न चार-पाच वेळा विचारावा, कारण मॉडेल दर वेळी तेच करेल असं नाही. चुकलं तर एका वेळी एकच वाक्य बदलावं. यादीत टूल लागतच नाही असेही काही प्रश्न हवेत. ‘मृतसाठा म्हणजे काय?’ विचारल्यावर एजंट जायकवाडीचा आकडा आणायला धावला, तर वर्णन अजून कच्चं आहे.