जागल्याचं नाव

भुसावळजवळ वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. १९६४ पासून तिथे बंदुकीच्या गोळ्या तयार होतात. या कारखान्यात माल किती निघतो, कुठे साठवतात, हे बाहेर कळू नये याबद्दल खानदेशात कुणाचं दुमत नाही. शेजारच्या केळीच्या बागेत राबणाऱ्या मजुरालाही ते पटतं. भांडण आहे ते हाच नियम तालुक्याच्या कचेरीतल्या कपाटाला लावण्याचं.

तो तिथवर पोचला कसा? १८८९ मध्ये इंग्रजांनी केलेला गुपितांचा कायदा मुख्यतः लष्कर आणि आरमाराच्या माहितीभोवती होता. १९०४ मध्ये कर्झनच्या सरकारने त्यात मुलकी कारभारही ओढला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदेमंडळात या दुरुस्तीला कडाडून विरोध केला, पण ती झालीच. माझ्या मते खरी चूक त्या दिवशी झाली. पुढे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आला आणि तो आजही लागू आहे. गुपित म्हणजे काय, याची व्याख्याच त्यात नाही. कलम ५ नुसार कागद देणारा दोषी, आणि जाणूनबुजून घेणाराही. स्वातंत्र्य मिळालं तरी कुठल्याच सरकारने हा कायदा टाकून दिला नाही. २००६ मध्ये दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तो रद्द करण्याची शिफारस केली, तीही तशीच पडून राहिली.

२००५ च्या माहिती अधिकाराने मोठा फरक पडला. देशाच्या सुरक्षेला धोका असेल तर माहिती नाकारता येते, हे त्यातही आहे. पण लोकहित जास्त वजनाचं असेल तर १९२३ चा कायदा आड येणार नाही, असंही त्यात लिहिलं आहे. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीच्या प्रकरणात फुटलेले कागद न्यायालयाने बघूच नयेत, असा सरकारचा आग्रह होता. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, तेव्हा याच तरतुदीचा आधार घेतला गेला.

कचेरीच्या खिडकीवर मात्र १९०४ सालच उभं असतं. आमच्याकडच्या एका बंधाऱ्याचं मोजमाप पुस्तक मी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून मागितलं होतं. एकोणतिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: 'सदर माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही.' बंधाऱ्यात सिमेंट किती गेलं, यात कसली गोपनीयता?

अशा वेळी आतल्या माणसालाच बोलावं लागतं. मराठीत त्याला जागल्या म्हणतात. जुन्या गावगाड्यात रात्री गस्त घालणारा तो जागल्या. खानदेशात अनेक गावांत हे काम भिल्लांकडे असे. चोर दिसला की ओरडायचं, हे त्याचं कर्तव्य होतं, आणि त्याबद्दल गाव त्याला पोसायचं. जळगावच्या घरकुल प्रकरणात, म्हणजे महापालिकेच्या घरबांधणी योजनेतल्या घोटाळ्यात, २००६ साली फिर्याद दिली ती तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल लागायला ऑगस्ट २०१९ उजाडला. आयुक्ताला निदान पदाचं बळ असतं, कनिष्ठ अभियंत्याला काय?

महामार्ग प्राधिकरणातले अभियंते सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन महामार्गातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र नावासकट टेबलाटेबलावर फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. राखण्यासारखं एक गुपित सरकारच्या हातात होतं, ते राखलं गेलं नाही. याचा विचार केला की अजून संताप येतो.

त्या खुनानंतर २००४ मध्ये केंद्राने तक्रारदाराचं नाव झाकण्याचा ठराव केला. २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अमलात आणलाच नाही. उलट २०१५ मध्ये त्याचीच धार कमी करणारी दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली. ती राज्यसभेत अडकली आणि बारगळली.

बंधाऱ्याच्या कागदासाठी मी अपील केलं, त्याच आठवड्यात त्या खात्यातला एक जण संध्याकाळी घरी आला. पुस्तकातली कुठली पानं मागायची, ते त्याने तोंडी सांगितलं. निघताना दारात थांबून म्हणाला, "भाऊ, माझं नाव कुठेच येऊ देऊ नका. घरी लहान पोरं आहेत."